आठ दिवसांचा फरक: डबल मार्करच्या एका ‘पॉझिटिव्ह’ अहवालाचा प्रकरण अभ्यास

गर्भारपणातल्या रक्तचाचणीचा अहवाल हाती पडल्यापासून पुढची तपासणी ठरेपर्यंतचे दिवस कुटुंबाला फार जड जातात, आणि त्या दिवसांत कोण काय बोलले यावर पुढचे बरेच काही अवलंबून राहते. जनुकीय समुपदेशनाच्या कामात वारंवार समोर येणाऱ्या परिस्थितींतून हे प्रकरण जोडले आहे. कोणाचीही ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि नात्यांचे तपशील बदलले आहेत. त्यामागचा वैद्यकीय तर्क आणि कायद्याच्या तरतुदी मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत.

प्रकरण

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेली ही स्त्री ३१ वर्षांची होती आणि हे तिचे दुसरे गर्भारपण होते. पहिली मुलगी चार वर्षांची, बाळंतपण साधे झालेले, मधुमेह किंवा रक्तदाबाचा त्रास नाही. नवरा साखर कारखान्यात नोकरीला, घर एकत्र: सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी. पाळी पहिल्यापासून अनियमित. कधी तीस दिवसांनी, कधी चाळीस. शेवटच्या पाळीची तारीख तिने भिंतीवरच्या कॅलेंडरातली खूण पाहून सांगितली होती, त्यामुळे ती तारीख खरी होती. पण पाळी अशी पुढेमागे होत असेल, तर तारीख खरी असूनही तिच्यावरून मोजलेले आठवडे चुकू शकतात, आणि हे सगळे प्रकरण याच गोष्टीभोवती फिरते.

पाळीच्या हिशेबाने तेरा आठवडे तीन दिवस झाले असताना गावातल्याच केंद्रात तिचा एनटी स्कॅन (गर्भाच्या मानेमागच्या थराची जाडी मोजणारी सोनोग्राफी) झाला. त्याच सकाळी, डाऊन सिंड्रोमसारख्या स्थितींची शक्यता सांगणाऱ्या डबल मार्कर चाचणीसाठी रक्त घेतले आणि नमुना शहरातल्या प्रयोगशाळेत गेला. चौथ्या दिवशी तिला फोन आला. फोनवरचे शब्द तिच्या तोंडपाठ झाले होते: “रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, बाळात दोष दिसतोय, लवकर मोठ्या दवाखान्यात दाखवा.” अहवालात छापलेले वाक्य असे नव्हते. तेथे ट्रायसोमी २१ ची, म्हणजे डाऊन सिंड्रोमची, शक्यता १:११० एवढेच लिहिले होते आणि त्यापुढे लाल अक्षरांत ‘स्क्रीन पॉझिटिव्ह’. छापील शक्यतेपासून फोनवरच्या ‘दोष दिसतोय’पर्यंतचे अंतर ज्याने कोणी कापले, त्याने ते बहुधा घाईत आणि काळजीपोटीच कापले असेल, तरीही त्या एका वाक्याने घरातले दोन दिवस जेवणखाण बंद पाडले होते.

माझ्याकडे चौघे आले: ती, नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांची पुतणी. जाऊबाई कामावर गेल्या होत्या आणि मुलीला घरी एकटे ठेवता येत नव्हते. पुतणीला डाऊन सिंड्रोम आहे हे मला ती दारातून आत येतानाच कळले. पुढच्या पंधरा मिनिटांत सासूबाईंच्या तोंडून ‘दोष’ हा शब्द तीनदा निघाला आणि तिन्ही वेळा सून त्या मुलीकडे पाहत राहिली.

एकशे दहा चौकटी

अशा वेळी मी चौकटींचा कागद वापरते. गणिताच्या वहीचे पान घेऊन त्यावर अकरा ओळी आणि प्रत्येक ओळीत दहा अशा ११० चौकटी आखल्या, आणि सांगितले की हाच अहवाल आलेल्या ११० बायका इथे बसल्या आहेत असे समजा. त्यांतल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल, उरलेल्या एकशे नऊ जणींच्या बाळांना नसेल. एक चौकट भरण्यासाठी मी पेन पुढे केले, तेवढ्यात पुतणीने ते हातातून घेतले आणि मधलीच एक चौकट, रेघेबाहेर न जाऊ देता, जीभ दातांत धरून निळी केली. नवऱ्याने तो कागद बराच वेळ हातात धरला. मग तो म्हणाला, “मॅडम, एवढंच आहे तर पॉझिटिव्ह का म्हणतात?”

प्रश्न अगदी रास्त आहे. ही चाचणी निदान करत नाही, चाळणी लावते. शक्यता २५० मध्ये १ किंवा त्याहून जास्त निघाली की तिला ‘जास्त जोखीम’ म्हणायचे आणि पुढच्या तपासणीबद्दल बोलायचे, असा संकेत आहे. २५१ ते १००० हा मधला पट्टा, त्यापलीकडे कमी जोखीम. चाळणी अशी लावलेली असते की निरोगी गर्भारपणांतलीही शंभरात पाचेक तिच्यात अडकतातच. एनटीचे माप, वय आणि रक्तातले दोन घटक एकत्र धरले तर डाऊन सिंड्रोमची शंभरातली पंच्याऐंशी ते नव्वद बाळे या चाळणीत सापडतात. नुसत्या वयावर आणि रक्तावर हिशेब केला, तर शंभरातली साठ-पासष्टच. म्हणजे ‘निगेटिव्ह’ आलेल्या बाईलाही कुणी ठाम हमी दिलेली नसते. आपल्याकडे पॉझिटिव्ह म्हणजे आजार आणि निगेटिव्ह म्हणजे सुटका असे समीकरण इतर चाचण्यांमुळे मनात इतके घट्ट बसले आहे, की रक्त घेण्याआधी पाच मिनिटे बसून हा फरक सांगितला नाही, तर नंतर तासभर समजावूनही तो पुरता पोहोचत नाही.

अहवालाचे वाचन

शक्यतेचा आकडा कशातून निघाला, हे त्याच अहवालाच्या खालच्या भागात बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि तिकडे सहसा कोणी पाहत नाही. रक्तात पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी हे दोन घटक मोजले जातात. दोन्ही मुख्यतः वारेतून येतात आणि दोन्हींचे प्रमाण दिवसागणिक बदलते: या आठवड्यांत पॅप-ए झपाट्याने वाढत जाते, बीटा एचसीजी हळूहळू उतरत जाते. त्यामुळे मोजलेला आकडा थेट न वापरता, त्याच दिवसाच्या गर्भारपणात साधारणपणे जेवढे असावे त्याच्या किती पट तो आहे, हे काढतात. त्या पटीला एमओएम म्हणतात. १ म्हणजे नेमके सरासरीइतके. डाऊन सिंड्रोमच्या गर्भारपणात पॅप-ए सरासरीच्या जवळपास निम्मे आणि बीटा एचसीजी जवळपास दुप्पट आढळते.

या अहवालात पॅप-ए ०.४२ एमओएम होते आणि बीटा एचसीजी १.९. दोन्ही आकडे काळजीच्या दिशेने झुकलेले. पण ते काढताना गर्भाचे वय म्हणून शेवटच्या पाळीवरून आलेले तेरा आठवडे तीन दिवस घेतले होते. सोनोग्राफीच्या कागदावर त्याच सकाळी मोजलेली गर्भाची डोके ते ढुंगण लांबी, म्हणजे सीआरएल, ५८ मिलिमीटर होती आणि त्यावरून गर्भाचे वय बारा आठवडे दोन दिवस येत होते. आठ दिवसांचा फरक. अकरा ते चौदा आठवड्यांच्या काळात सीआरएलवरून काढलेले वय अधिक भरवशाचे मानले जाते, आणि पाळीच्या हिशेबाशी सात दिवसांहून जास्त तफावत असेल तर सीआरएलचेच धरावे हा स्वीकारलेला नियम आहे.

आता हे आठ दिवस काय करतात ते पाहा. बारा आठवड्यांच्या गर्भारपणाकडे तेरा आठवड्यांच्या मापाने पाहिले, तर अजून वाढायचे असलेले पॅप-ए कमी दिसते आणि अजून उतरायचे असलेले बीटा एचसीजी जास्त दिसते. म्हणजे तारखेची चूक नेमकी डाऊन सिंड्रोमचेच चित्र उभे करते. हे मी त्या कुटुंबाला पेरणीचे उदाहरण देऊन सांगितले. नवऱ्याला ते लगेच उमगले: आठ दिवस उशिरा पेरलेला ऊस शेजारच्या शेताच्या मानाने खुजा दिसतो, म्हणून तो किडलेला ठरत नाही.

दुसरी उणीव अशी की एनटीचे माप अहवालात धरलेलेच नव्हते. गर्भाच्या मानेमागच्या पारदर्शक थराची जाडी त्याच सकाळी मोजली गेली होती, १.५ मिलिमीटर होती, म्हणजे त्या लांबीच्या गर्भाला साजेशीच होती. नाकाचे हाडही दिसत होते. ही माहिती एका कागदावर, रक्ताची दुसऱ्या कागदावर, आणि दोन्ही कागद एकाच पिशवीत, तरी एकमेकांना न भेटलेले. हाताशी आलेले एनटीचे माप बाजूला ठेवून केवळ रक्तावर जोखीम काढणे मला समर्थनीय वाटत नाही. त्याने चाचणीची ताकद घटते आणि नाहक घाबरणाऱ्या बायकांची संख्या वाढते. वजनाचा रकाना रिकामा होता, तोही भरला, कारण जास्त वजनाच्या स्त्रीच्या रक्तात हे घटक विरळ होतात आणि त्याची दुरुस्ती हिशेबात करावी लागते.

प्रयोगशाळेला सुधारित माहिती पाठवली. तिथल्या तज्ज्ञांनी त्याच दिवशी फेरगणना करून दिली. रक्त पुन्हा घ्यावे लागले नाही. पॅप-ए ०.६५, बीटा एचसीजी १.५, एनटी धरून एकत्रित शक्यता १:५६०. मी आणखी कागद आखले: पाच पाने आणि सहाव्या पानावर दहा चौकटींची एक ओळ. त्या सगळ्यात मिळून निळी चौकट एकच.

पुतणीची फाईल

आकडा मधल्या पट्ट्यात आला होता आणि पुढे काय करायचे हे ठरवण्याआधी एक प्रश्न शिल्लक होता. सासूबाईंनी तो थेट विचारला: “आमच्या घराण्यातच आहे का हे?” डाऊन सिंड्रोम बहुतांश वेळा घराण्यातून येत नाही. १९५९ मध्ये जेरोम लेज्यून यांनी या मुलांच्या पेशींत एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असल्याचे दाखवले. शंभरातल्या पंचाण्णव मुलांमध्ये हे तिसरे गुणसूत्र सुटे असते आणि ते स्त्रीबीज किंवा क्वचित शुक्रजंतू तयार होतानाच्या विभागणीतल्या गफलतीने आलेले असते. ती गफलत आईच्या वयाबरोबर वाढते: तिशीच्या आईला सुमारे ९०० मध्ये १, पस्तिशीच्या आईला साडेतीनशेच्या आसपास १, चाळिशीच्या आईला शंभरात १. मात्र तीन-चार टक्के मुलांमध्ये जास्तीचे एकविसावे गुणसूत्र दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला, बहुधा चौदाव्याला, चिकटलेले असते. अशी चिकटलेली जोडी आईवडिलांपैकी एकात असू शकते. त्या व्यक्तीला स्वतःला काहीच त्रास नसतो, पण तिच्या भावंडांतही ती जोडी असू शकते. या घरात थोरल्या दिरांच्या मुलीला डाऊन सिंड्रोम होता आणि पोटातल्या बाळाचे वडील म्हणजे त्यांचाच सख्खा भाऊ. त्यामुळे पुतणीचा कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांचा अहवाल, पाहिल्याशिवाय पुढे बोलणे अर्धवट ठरले असते.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई स्वतः आल्या. कापडाच्या दुकानाच्या पिशवीत त्यांनी मुलीचे नऊ वर्षांचे कागद नीट लावून ठेवले होते: जन्मानंतरच्या आठवड्यातली टूडी इको, अकराव्या महिन्यात झालेल्या हृदयाच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेचे कार्ड, थायरॉइडचे अहवाल, शाळेत बोलावून दिलेले स्पीच थेरपीचे तक्ते, आणि सगळ्यात खाली, घडीवर फाटत आलेला, गुणसूत्रांचा अहवाल: ४७, एक्सएक्स, +२१. सुटे तिसरे गुणसूत्र. म्हणजे दिरांकडून किंवा नवऱ्याकडून आलेले काही नाही, आणि या गर्भारपणाची जोखीम त्यामुळे वाढत नाही. हे मी सांगितले तेव्हा जाऊबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो कागद पुन्हा त्याच घडीवर मोडला आणि तळाशी न ठेवता सगळ्यांच्या वर ठेवला.

निर्णय

यानंतर त्या स्त्रीपुढे तीन वाटा होत्या. १:५६० ही शक्यता मान्य करून थांबायचे आणि अठरा-एकोणीस आठवड्यांच्या सविस्तर सोनोग्राफीची वाट पाहायची, एनआयपीटी (आईच्या रक्तातल्या डीएनएवरून होणारी चाचणी) करायची, किंवा थेट गर्भजलाची तपासणी, जिला लोक ‘पाण्याची तपासणी’ म्हणतात. वारेचा तुकडा घेऊन तपासणे चौदाव्या आठवड्याच्या आत शक्य होते, पण ते करणारी केंद्रे थोडी आहेत आणि या जोखमीला त्याची गरजही नव्हती.

नवऱ्याचा कल गर्भजलाकडे होता. त्याला निश्चित उत्तर हवे होते. भावाच्या मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांनी दोन गुंठे विकले होते आणि त्या वर्षी त्याचे स्वतःचे लग्न पुढे ढकलले गेले होते. त्याची भीती मला पोकळ वाटली नाही. तिने मात्र ठामपणे सांगितले की सुईने जाणारी तपासणी तिला या टप्प्यावर नको. पंधरा आठवडे पूर्ण झाल्यावर सोनोग्राफीत पाहत पोटातून सुई घालून पंधरा-वीस मिलिलिटर गर्भजल काढतात. अनुभवी हातांत त्याने गर्भपात होण्याचा धोका आजच्या अंदाजाने अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. तरीही १:५६० शक्यतेपुढे तो धोका तिला मोठा वाटला आणि हिशेबानेही तिचे म्हणणे अवाजवी नव्हते. ती पुढे जे बोलली ते मी टिपणात तिच्याच शब्दांत लिहून ठेवले: “असलं तर असू दे, पण मला आधी कळलं पाहिजे. जाऊबाईंना बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी कळलं. हृदयाचं बघायला दवाखाना कुठला, हे मला बाळ व्हायच्या आधी ठरवायचंय.”

चाचणी कशासाठी, याचे उत्तर प्रत्येक बाईचे वेगळे असते. गर्भारपण पुढे न्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी कोणी चाचणी करते, तयारीसाठी कोणी करते, आणि कोणी करतच नाही. तिन्हींना समुपदेशनात सारखीच जागा असायला हवी. नवऱ्याने तिचे ऐकून घेतले. एनआयपीटीचा खर्च पंधरा हजारांच्या पुढे जाणार होता, तो करायला तो तयार झाला.

एनआयपीटीत आईच्या दंडातून घेतलेल्या रक्तात तरंगणारे डीएनएचे तुकडे मोजतात. गर्भाच्या बाजूचे तुकडे आईच्या रक्तात सापडतात, हे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले आणि २०११ पासून ही चाचणी बाजारात आली. हे तुकडे प्रत्यक्षात बाळाचे नसून वारेचे असतात, आणि वारेची पेशीरचना क्वचित बाळाहून वेगळी असू शकते; म्हणूनच ही चाचणी कितीही चांगली असली तरी चाळणीच राहते. डाऊन सिंड्रोमची शंभरातली नव्व्याण्णव बाळे ती ओळखते आणि हजारात एखादीलाच उगीच पॉझिटिव्ह ठरवते. हे ऐकल्यावर पॉझिटिव्ह म्हणजे खात्रीच असे वाटते, म्हणून इथेही हिशेब मांडला. १:५६० शक्यता असलेल्या एक लाख बायका धरल्या तर सुमारे १७९ जणींच्या बाळांना डाऊन सिंड्रोम असेल आणि चाचणी त्यांतल्या १७७ ओळखेल. पण उरलेल्यांतल्या शंभरेक जणीही पॉझिटिव्ह ठरतील. पॉझिटिव्ह आलेल्या तिघींपैकी किमान एकीच्या बाळात काही नसेल. म्हणून एनआयपीटी पॉझिटिव्ह आली तरी गर्भजलाने खात्री केल्याशिवाय कोणताही निर्णय घ्यायचा नाही, हे तिच्याकडून रक्त देण्याआधीच वदवून घेतले.

संमतीपत्र भरताना सासूबाईंनी विचारले, “यात मुलगा की मुलगी कळतं का?” मी उत्तर दिले की तंत्राने कळू शकते, पण सांगणे गुन्हा आहे आणि अहवालात ते येणार नाही. १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच केला आणि १९९४ चा केंद्रीय कायदा त्यानंतर आला. गर्भजलाची तपासणी करायची झाल्यास स्त्रीला समजेल त्या भाषेतली लेखी संमती आणि तिची प्रत तिच्या हातात, हेही त्याच कायद्यात आहे. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “विचारलं आपलं सहज.” मी विषय तेथे सोडला नाही. गर्भपाताच्या कायद्याप्रमाणे सज्ञान स्त्रीच्या बाबतीत संमती फक्त तिची लागते, नवऱ्याची किंवा सासरची नाही, हेही त्यांच्यासमोरच सांगितले. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत, काही ठरावीक परिस्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांचे, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढे वैद्यकीय मंडळाची परवानगी, असे टप्पे आहेत. आठवड्यांचा हिशेब इथेही पुन्हा येतो. पाळीवरून धरलेली तारीख तशीच राहिली असती, तर कागदोपत्री तिच्या हातचे आठ दिवस गेले असते.

अहवाल आणि नंतर

एनआयपीटीचे रक्त तेरा आठवडे दोन दिवसांना गेले आणि दहाव्या दिवशी अहवाल आला: एकवीस, अठरा आणि तेरा या तिन्ही गुणसूत्रांसाठी कमी जोखीम, गर्भाच्या डीएनएचा वाटा ९ टक्के, म्हणजे अहवाल देण्यासाठी लागणाऱ्या चार टक्क्यांच्या बराच वर. या वेळी फोन मीच केला आणि ‘नॉर्मल’ हा शब्द टाळला. तिने विचारले, “म्हणजे आता शंभर टक्के?” मी नाही म्हणाले, या तीन स्थितींची शक्यता आता फार कमी उरली आहे, इतर गोष्टी सोनोग्राफीतच दिसतील. एकोणीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत हृदयाचे चारही कप्पे, पाठीचा कणा आणि मूत्रपिंडे व्यवस्थित दिसली. गावातल्या केंद्राला मी पत्र लिहून सीआरएल, एनटी आणि वजन यांचे रकाने रक्ताच्या फॉर्मवर घ्यावेत अशी विनंती केली. तिथल्या डॉक्टरांनी ती मान्य करून नवा फॉर्म छापला आणि त्याची एक प्रत मला पाठवली.

शेवटच्या भेटीला ती जाऊबाईंबरोबर आली. तिचे बोलणे संपल्यावर जाऊबाई उठल्या नाहीत. त्यांचे वय ३६. पहिल्या मुलीनंतर त्यांनी दुसऱ्या बाळाचा विचार सोडून दिला होता, कारण हे रक्तातच आहे असे नऊ वर्षे त्यांना कोणी ना कोणी सांगत आले होते आणि त्यांनी ते खरे मानले होते. सुट्या ट्रायसोमीनंतर पुढच्या गर्भारपणात ती पुन्हा होण्याची शक्यता साधारण शंभरात एक असते, हे सांगून मी चौकटींच्या वहीचे नवे पान काढले. त्यांनी ते पान मागून घेतले, घडी घालून मुलीच्या फाईलमध्ये ठेवले, आणि नवऱ्याला घेऊन पुढच्या सोमवारी येते म्हणाल्या. फॉलिक ॲसिडची गोळी त्या दिवसापासून सुरू केली.